पाचवीचा कागद

शाळेचा निरोप घरी पोचायच्या आत तीनदा बदलायचा. गुरुजी सांगायचे, सोमवारी येताना प्रत्येकानं वाटी आणायची, सुकडी वाटायची आहे. वाटेत चिंचा पाडून, कुणाच्या तरी म्हशीला झालेलं रेडकू बघून, दोन भांडणं उरकून आम्ही घरी पोचायचो तोवर त्या निरोपातली वाटी तेवढी उरलेली असायची. सोमवारी निम्मी शाळा वाटी घेऊन यायची आणि कशासाठी ते एकालाही सांगता यायचं नाही. उरलेली निम्मी शाळा सुकडी दप्तराच्या पिशवीतच ओतून न्यायची, आणि पुढं आठ दिवस आमच्या पाट्यांना मुंग्या लागायच्या. एकदा लस टोचायला डॉक्टर येणार होते. मुलांना जेवू घालून पाठवा, एवढाच निरोप होता. आम्ही तो घरोघर इतक्या इमानदारीनं आणि आपापल्या भीतीची भर घालून सांगितला, की त्या दिवशी शाळेत दोन गुरुजी, एक डॉक्टर आणि मी एवढेच होतो. मी सुद्धा होते ती दादांनी कान धरून नेऊन बसवली म्हणून. दादा म्हणजे माझे वडील.

शाळा जिल्हा परिषदेची. दोन खोल्या, पुढं फरशीचा ओटा आणि लिंबाच्या झाडाला घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. हा तुकडा मोठ्या गुरुजींनी त्यांच्या गावाहून, सेलूहून, कुणाच्या तरी बैलगाडीत घालून आणवला होता. सेलूला रेल्वे आहे याचा आम्हाला मिळालेला तेवढाच पुरावा. गुरुजी आठवडाभर गावात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की पिशवी घेऊन एसटीच्या फाट्याकडं चालू लागायचे. ओट्याच्या भिंतीवर त्यांनी एक काळा चौकोन रंगवून घेतला होता. वर पांढऱ्या रंगात 'पालकांसाठी सूचना' असं लिहिलेलं आणि खाली रोज खडूनं नवा मजकूर. अक्षर असं देखणं, की न वाचता येणारी माणसंही थांबून बघायची. गावात वाचता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्यामुळं त्या चौकोनाचा खरा उपयोग शेळ्या करायच्या. त्या अंग घासायच्या आणि निम्मी सूचना अंगावर घेऊन घरी जायच्या.

आता माझ्या नातीच्या शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पोरगा आणि सून दोघं नोकरीला जातात म्हणून त्यात माझाही नंबर घातलाय. सकाळी सातलाच टणकन वाजतं: सर्व पालकांना कळविण्यात येते की, उद्या आधार कार्डाची झेरॉक्स पाठवावी. खाली तीस-चाळीस अंगठे. आमच्या लहानपणीही अंगठेच उठायचे, फक्त शाईचे. आणि एवढं होऊन दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं झेरॉक्स न घेताच येतात, हे बाई परत ग्रुपवरच लिहितात. वाचून मला फार बरं वाटतं.

आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्ध वस्तीत, शेवटून दुसरं. पुढं ओसरी, मागं चूल, मध्ये एक खोली, आणि दाराशी आज्जाच्या तीन शेळ्या. दादा पाटावर, म्हणजे कालव्यावर, कामाला होते. कुठल्या चारीला कधी पाणी सोडायचं, कुणाची पाळी कधी, हे बघायचं काम. खाकी शर्ट, सायकल, आणि हातात चारीचं दार उघडायची लोखंडी चावी. सरकारी पगार थोडा असला तरी महिन्याच्या महिन्याला यायचा, त्यामुळं आमच्याकडं उपास असा घडला नाही. माय सकाळी भाकरी थापायची तो थपथप आवाज आणि पाटाच्या पाण्याचा खळखळ आवाज, या दोन आवाजांत मला जाग यायची. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर करडईचं कच्चं तेल. पाहुणा आला तर भाजून दळलेल्या धान्या-मसाल्याची, येसराची आमटी. त्या आमटीचा वास आला की मी शाळेतून आलेली असो वा नसो, शाळेतून आल्यासारखी भुकेजून जायची. लोक बालपणाचे हाल लिहितात. माझे फारसे नव्हते, आणि नसलेले हाल लिहायचं वय आता राहिलं नाही.

आज्जा मात्र घरात असून नसल्यासारखा होता. बोलायचा तो शेळ्यांशी. त्यानं शेळीला हाक मारली की तिसऱ्या वावरातल्या शेळ्याही मान वर करायच्या, असा त्याचा आवाज. पण माणसांशी 'हं' आणि 'बरं' यापलीकडं जायचा नाही. धर्मांतराच्या आधी गावची दवंडी द्यायचं काम आमच्या घराकडं होतं आणि ते आज्जा करायचा, हे मला ऐकून माहीत होतं. पाटलाचा हुकूम, तहसीलचा हुकूम, हरवलेला बैल, सगळं त्यानं गल्लोगल्ली ओरडून सांगायचं आणि बदल्यात दारोदारची भाकरी घ्यायची. दीक्षा घेतल्यावर वस्तीनं ठरवलं की गावकीची ही कामं इथून पुढं बंद. आज्जानंही त्या दिवसापासून बंद केलं. मला वाटतं, दवंडी सोडताना त्यानं बोलणंच सोडून दिलं, दोन्हींतला फरक त्याला कुणी सांगितला नसावा.

मी चौथीत होते तेव्हाची ही गोष्ट. आमची शाळा चौथीपर्यंतच. पुढं शिकायचं तर ताडकळसला जावं लागायचं, जाऊन-येऊन दोन तासांची पायपीट, मध्ये ओढा. पोरं जायची. पोरी जायच्या नाहीत. माझी चुलत बहीण वर्षाआधीच चौथी पास होऊन कापूस वेचायला लागली होती, आणि तिच्यापेक्षा माझा नंबर चांगला असला तरी मीही तिकडंच जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं. अशात एका दुपारी गुरुजी तालुक्याहून कागद घेऊन आले. पाचवीचा वर्ग गावात मिळणार होता. अट एकच. वीस पोरांच्या पालकांनी नाव नोंदवून सही किंवा अंगठा द्यायचा आणि ती यादी येत्या शनिवारी दुपारपर्यंत तालुक्याला पोचवायची. नाही पोचली तर वर्ग दुसऱ्या गावाला.

त्या दिवशी मंगळवार होता. पोरांच्या तोंडून निरोप पाठवायची गुरुजींची हिंमत होईना, लशीच्या दिवसानंतर ती कुणाची झाली असती? त्यांनी मला बोलावलं. रोज प्रार्थना मी सांगायचे, वाचायलाही मीच पुढं असायचे, आणि आवाज तर घरचाच होता. म्हणाले, विमल, तू दोन मुलं बरोबर घे, गल्लोगल्ली फिर आणि हा कागद चौकाचौकात मोठ्यानं वाच. मला आभाळ ठेंगणं झालं. घरी येऊन मी चुलीपुढं उभी राहून मायला कागद वाचून दाखवला, शेवटच्या सहीसकट. मायचा हात तव्यावर थांबला. ती एवढंच म्हणाली की दादाला येऊ दे.

दादा आले, हातपाय धुतले, ऐकून घेतलं आणि न्हाई म्हणाले. मी रडले, तर म्हणाले, रड, पण न्हाई. त्या संध्याकाळी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. आयुष्यात एकदाच सांगितली, परत कधी नाही. ते माझ्याएवढे असताना आज्जाच्या मागं टोपलं घेऊन फिरायचे. आज्जा ओरडायचा, लोक आपलं काम न थांबवता ऐकायचे, आणि मग बाया वरच्या पायरीवरून टोपल्यात भाकरी टाकायच्या, हात लांब ठेवून. कधी भाकरी बाहेर पडायची. ती उचलायचं काम दादांचं. आज्जाची हाळी सुरू झाली की ते कडब्याच्या गंजीमागं लपायचे, आणि सापडायचे. आज्जा ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होता. त्यानं शेळीच्या गळ्यातली दोरी सोडली आणि परत बांधली.

दुसऱ्या दिवशी दादा कामावर जायच्या आधी मला सायकलवर घेऊन शाळेत आले. ओट्याच्या खाली उभे राहून गुरुजींना नमस्कार केला. गुरुजींनी वर बोलावलं तरी गेले नाहीत.

"गुरुजी, पाचवी गावात झाली न्हाई तर माझीच पोरगी घरी बसनार हाय, ते मला कळतं," दादा म्हणाले. "पर तिला दवंडी द्यायला लावू नका. आमच्या घरानं ते सोडलंय."

गुरुजींचा चेहरा उतरला. म्हणाले, "माझ्या ध्यानातच आलं नाही हो. मी फक्त तिचा आवाज पाहिला."

"आवाज बघितलात, घर बघितलं न्हाई."

गुरुजींनी हातातला खडू ओट्यावर ठेवला. वाईट माणूस नव्हता. उलट, पोरीचं डोकं बघून जात न बघणारा त्या काळातला दुर्मीळ माणूस. पण न बघण्यातही कधीकधी चूक होते, हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं. शेवटी त्यांनीच विचारलं, मग काय करू या? दादांनी रात्रभर विचार केलेला दिसत होता. त्यांनी सांगितलं, पोरगी वाचंल, पण शाळेच्या ओट्यावर वाचंल, कागद हातात धरून. ती कुणाच्या दारात जाणार न्हाई. ज्याला ऐकायचं त्यानं शाळेत यावं. आणि उभी करायची तर वर उभी करा, दिसली पाहिजे. गुरुजी म्हणाले, माझ्या खुर्चीवर उभी करतो. झालं, ठरलं.

ठरलं खरं, पण पुढं गुरुजींनी जे केलं ते फक्त शिकलेला माणूसच करू जाणे. त्यांनी रंगीत खडू काढले आणि भिंतीवरच्या काळ्या चौकोनात, वेलबुट्टी काढून, सुंदर अक्षरांत लिहिलं: ज्या पालकांना वाचता येत नाही, त्यांनी शनिवारी सकाळी आठ वाजता शाळेत यावे, त्यांना महत्त्वाची सूचना वाचून दाखविण्यात येईल. आणि निश्चिंत झाले. आम्ही रोज येता-जाता ते वाचत होतो. त्यांना काही वाटलं नाही आणि आम्हालाही वाटलं नाही. दुसरे गुरुजी तर म्हणाले, अक्षर फार छान आलंय.

शनिवारी मायनं माझं डोकं धुऊन दोन वेण्या घातल्या आणि धपाटे करून दिले. मला एक गिळवेना. दादांची पाळी होती, वरच्या चारीला पाणी सोडायचं होतं, ते पहाटेच पाटावर गेले. आज्जा आपणहून माझ्यासोबत निघाला. मी शाळेत जायला लागल्यापासून पहिल्यांदा. गुरुजींची खुर्ची ओट्यावर ठेवलेली. रूळ वाजला. आठ वाजले, साडेआठ वाजले. ओट्यापुढं चार माणसं होती: ग्रामपंचायतीचा कारकून, पोस्टाची पिशवी आणणारा, किराणा दुकानदार आणि एक रिटायर हवालदार. चौघांनाही वाचता येत होतं. त्यांनी सूचना वाचली होती म्हणून ते आले होते.

गुरुजींनी त्या चौघांकडं बघितलं, मग वळून भिंतीकडं बघितलं, आणि त्यांच्या एकदम ध्यानात आलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ साहेबांना चूक कळताना बघितलंय, पण असा पांढराफटक पडलेला चेहरा दुसरा नाही. कपाळाला हात लावून ते पायरीवर बसले. बाराची एसटी धरून त्यांना तालुका गाठायचा होता. लोक रानात गेलेले, शाळेतल्या पोरांना दौडवावं तर ती काय सांगतील देव जाणे. मी खुर्चीजवळ कागद धरून उभी. मला कापूस दिसायला लागला, खरंच सांगते, डोळ्यापुढं पांढरं पांढरं रान दिसायला लागलं आणि मी रडायला लागले.

तेवढ्यात लिंबाखाली बसलेला आज्जा उठला. धोतर झटकलं, काठी घेतली आणि गावाच्या दिशेनं चालू लागला. मला वाटलं, कंटाळून घरी निघाला. मग वरच्या गल्लीतून ती हाळी आली. ती मी आधी कधीच ऐकलेली नव्हती, तरी अंगावर काटा आला.

"ऐका हो ऐका. हुकूम पाटलाचा न्हाई, सरकारचा न्हाई. माझी नात विमल शाळेत कागद वाचायलीय. शाळेची पाचवी जमात गावात येनार हाय. ज्याला लेकरू हाय त्यानं ऐकायला यावं हो."

हेच तो प्रत्येक चौकात म्हणाला. मग गावाबाहेर जाऊन पाटाच्या भरावावर चढला आणि रानाकडं तोंड करून म्हणाला. इतक्या वर्षांचा दाबून ठेवलेला आवाज, तो काय थांबतो. माणसं खुरपी हातात घेऊन, डोक्याला बांधलेली फडकी तशीच ठेवून यायला लागली. काही नुसता म्हातारा बोलला कसा हे बघायला आली. वरच्या आळीतली बडी शेतकरी मंडळी आली, आमच्या वस्तीतली आली, वडाराची आली. काही आलीही नाहीत, आणि का नाही आली तेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण ओट्यापुढचं आंगण भरलं. गुरुजींनी मला उचलून खुर्चीवर उभं केलं.

मी वाचलं. सर्व पालकांस कळविण्यात येते की, इथून सुरुवात. दोन ओळी झाल्या तेव्हा लोकांचे चेहरे बघून मला कळलं की कुणाला काही कळत नाहीये. 'सदर वर्गास मान्यता', 'संमतीदर्शक स्वाक्षरी', असली ती भाषा. मी थांबले. गुरुजींकडं बघितलं. ते म्हणाले, सांग तुझ्या भाषेत. मग मी कागद खाली केला आणि सांगितलं की गावातच पाचवी होनार हाय, ओढा वलांडून जायाची गरज न्हाई, वीस नावं पाहिजेत, आजच पाहिजेत, पैका लागत न्हाई, नुसता अंगठा लागतो. मागून एक बाई बोलली. पाटलांच्या भावकीतली, नवरा वारलेली, सगळं शेत एकटीनं बघणारी गंगाकाकू.

"पोरीचं नाव धरतेत का?"

"धरतेत," गुरुजी बोलायच्या आत मीच म्हणाले.

"मंग माझ्या कुसुमचं धर."

तिनं पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी ओट्यावर चढून अंगठा दिला. तिच्यामागं रांग लागली. रांगेत अकरावे दादा होते. मला ते आलेलेच दिसले नव्हते. खाकी शर्ट गुडघ्यापर्यंत भिजलेल्या विजारीत खोचलेला, सायकल लिंबाला टेकवलेली. त्यांनी अंगठा दिला नाही. त्यांना तेवढीच येत होती ती सही, एकेक अक्षर टोचून, सावकाश केली. मागचे लोक खोळंबले तरी घाई केली नाही. यादी विसाच्या पुढं गेली आणि गुरुजी ती छातीशी धरून फाट्याकडं अक्षरशः पळाले. पळता पळता धोतर पायांत अडकायला लागलं, म्हणून पोस्टवाला त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन गेला.

पाचवी झाली. आम्ही सात पोरी होतो. पुढं त्याच शाळेत सातवीपर्यंत वर्ग आले आणि मी पुढं शिकून मास्तरीण झाले, या गोष्टी यथावकाश घडल्या आणि माझ्या सेवापुस्तकात नोंदलेल्या आहेत. पण त्या शनिवारचं जेवण कुठंच नोंदलेलं नाही, म्हणून ते इथं लिहिते.

दादा आज्जावर चिडणार असं मला वाटत होतं. दादांनी जे सोडलं म्हणून गुरुजींना सांगितलं होतं, तेच आज्जानं त्यांच्या पाठीमागं जाऊन केलं होतं. मायला पण तेच वाटत असावं, कारण तिनं काही निमित्त नसताना येसराची आमटी केली होती. दादा आणि आज्जा समोरासमोर बसले. आज्जा भाकरी कुस्करत होता, मान खाली.

"आबा," दादा म्हणाले, "हाळी ऐकू आली तवा मी तुमाला गप करायला निघालो हुतो. पाणी तसंच सोडून आलो."

आज्जा म्हणाला, "हं."

"लय राग आला हुता. वाटलं, नातीच्या वक्ताला पुन्हा तेच सुरू केलं म्हाताऱ्यानं."

आज्जानं कुस्करणं थांबवलं. माझ्या मायनं माझा हात धरला.

"मंग पुलावर आलो तवा नीट ऐकू आलं," दादा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं, त्यामुळं ते रडतायत हे मला लगेच कळलं नाही. "ल्हानपनापसून तुमची हाळी ऐकली, आबा. बैलाचं नाव असायचं त्यात. पाटलाचं असायचं, तहसीलदाराचं असायचं. आपल्या घरातलं नाव आज आलं."

आज्जानं ताटातून मान वर केली आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा घरातल्या माणसाशी एक सबंध वाक्य बोलला.

"मीच ठेवलेलं हाय ते नाव," तो म्हणाला, "मंग मी न्हाई तर कोन घेनार?"